गाडी खाली बसवल्यावर चाकांची जुळणी

खाली बसवलेल्या मोटारीच्या टायरची आतली कड मालकाच्या दृष्टीस सहसा पडत नाही, आणि अशा मोटारीच्या जुळणीत राहून गेलेला दोष आपली नोंद नेमकी त्याच कडेवर करीत असतो. बाहेरून पाहावे तर नक्षी स्वच्छ, रबर भरलेले, चाक कमानीत डौलाने बसलेले. आणि गाडी जॅकवर चढवून चाक उतरवावे तो आतली दोन बोटे रुंदीची पट्टी गुळगुळीत होऊन तिच्यातून पोलादी तारा डोकावू लागलेल्या. माझ्या परिचयातील एका तरुण गृहस्थांवर हा प्रसंग ओढवला तेव्हा त्यांचे नवे टायर अवघे सात हजार किलोमीटर चालले होते. आखूड स्प्रिंगा बसवून देणाऱ्या गॅरेजने त्यांची समजूत घातली होती, की गाडी खाली आली म्हणजे कॅम्बर, म्हणजे चाकाचा कल, वाढतो, आणि कॅम्बर वाढला म्हणजे गाडी टायर खाणारच; हौसेचे हे मोल मुकाट्याने मोजावे. आम्ही दोघांनी मिळून ती गाडी मोजून घेतली. कॅम्बर दीड अंशाच्या आसपास, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीस सहज सोसेल एवढाच होता. मात्र पुढच्या दोन चाकांची तोंडे मिळून पाच मिलिमीटरांनी बाहेर फाकलेली होती. स्प्रिंगा बदलल्यानंतर चाकांची जुळणी कोणी केलीच नव्हती. गृहस्थांच्या कागदपत्रांत जुळणीचा जो दाखला जपून ठेवलेला होता, तो स्प्रिंगा बदलण्यापूर्वीचा होता.

त्या पाच मिलिमीटरांचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. टायरचा व्यास ६२० मिलिमीटर धरला आणि फाकलेपण दोन्ही चाकांत सारखे वाटले, तर प्रत्येक चाकाच्या वाट्यास अडीच मिलिमीटर येतात. म्हणजे चाक सुमारे २४८ मीटर पुढे जाते तेव्हा त्याची स्वतःची दिशा त्याला एक मीटर बाजूला नेऊ पाहते, आणि गाडी मात्र त्याला सरळच ओढून नेते. एका किलोमीटरास ही ओढाताण चार मीटरांची होते, सात हजार किलोमीटरांस अठ्ठावीस किलोमीटरांची. रबर काही अंशी वाकून हा ताण पोटात घालते, त्यामुळे ही सारीच फरफट झिजेत उतरते असे नव्हे; परंतु जी उतरते ती एखादा नवा टायर वर्षभराच्या आत मोडीत काढावयास पुरेशी असते. गाडी खाली बसवल्यानंतर होणाऱ्या टायरनाशाचा आरोप आपल्याकडे सरसकट कॅम्बरवर ठेवला जातो. माझ्या मते त्यातील मोठा वाटा टो-कोनाचा, म्हणजे अशा फाकण्याचा, असतो, आणि टो-कोन हा तर जुळणीच्या तिन्ही कोनांत दुरुस्त करावयास सर्वांत सोपा. आरोपी चुकीचा धरला गेल्यामुळे साधा उपाय बाजूस राहतो आणि मालक नशिबाला बोल लावीत नवे टायर घेत राहतो. या प्रश्नाचा साकल्याने आढावा घेण्याचे प्रयोजन एवढेच आहे.

प्रथम संज्ञांचा उलगडा करणे इष्ट. गाडीच्या समोर उभे राहून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून जितके कलते त्या कोनास कॅम्बर म्हणतात. चाकाचा माथा गाडीच्या पोटाकडे झुकला तर तो ऋण, बाहेर झुकला तर धन. वरून पाहिले असता दोन चाकांची पुढची तोंडे एकमेकांकडे वळलेली असतील तर तो टो-इन, फाकलेली असतील तर टो-आउट. तिसरा कोन कॅस्टर. ज्या अक्षाभोवती पुढचे चाक वळते त्या अक्षाचा, बाजूने पाहिला असता, मागे असलेला कल तो कॅस्टर, आणि वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते मुख्यतः याच्या बळावर. वळणावर आतल्या चाकाने बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे ही योजना मोटारीहून जुनी आहे. म्युनिक येथील गाड्या बांधणारा कारागीर लँकेनस्पर्गर याने ती १८१७ मध्ये घोडागाडीसाठी काढली आणि रुडॉल्फ अ‍ॅकरमन याने १८१८ मध्ये लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले, म्हणून ती आजही अ‍ॅकरमनच्याच नावावर रुजू आहे. चाके कशी उभी असावीत आणि कशी वळावीत हा विचार दोनशे वर्षांचा आहे, आणि त्यातील एकही कोन दुसऱ्याशी फारकत घेऊन राहत नाही, हे आरंभीच ध्यानी घेतलेले बरे.

आपल्या रस्त्यांवरील बहुसंख्य लहान मोटारींची पुढची चाके आज मॅकफर्सन स्ट्रटवर उभी असतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत ही रचना सिद्ध केली आणि १९५० नंतर ब्रिटनमधील फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांतून ती रूढ झाली. तिची थोरवी काटकसरीत आहे: खाली एकच लोअर आर्म, वर शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांचा एकत्र खांब, आणि हा खांबच चाकाच्या सांध्याला ताठ धरणारा. जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांना वर आणि खाली असे दोन आर्म होते, आणि अँबॅसडरला स्प्रिंगेऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ सोसणारी पोलादी कांब होती. अशा दुहेरी आर्मच्या रचनेत अभियंत्याला कोनांवर पुष्कळ मुखत्यारी राहते; स्ट्रटच्या रचनेत ती कमी. म्हणूनच स्ट्रटची गाडी खाली आणताना कोणता कोन कोठे जाईल हे आधी समजून घेणे अगत्याचे ठरते.

गाडी खाली येते म्हणजे चाक शरीराच्या मानाने वर जाते. रस्त्याच्या उंचवट्यावर जे क्षणभर घडावयाचे ते आता कायमचे घडते. उंचवटा ओलांडला की चाक जागेवर परतते, येथे ते परतत नाही. एक उदाहरण हिशेबासाठी घेऊ. लोअर आर्म ३५० मिलिमीटर लांब आणि बाहेरच्या टोकाकडे आठ अंश उतरता आहे, खालच्या बॉल जॉइंटपासून खांबाच्या वरच्या टेकूपर्यंत अंतर ६०० मिलिमीटर आहे आणि ही रेषा आत बारा अंश कललेली आहे, असे धरले, तर गाडी ३० मिलिमीटर खाली येताच चाकाचा ऋण कॅम्बर सुमारे ०.९ अंशाने वाढतो. आणखी ३० मिलिमीटर खाली आणल्यास मात्र वाढ पाऊण अंशाचीच होते. कारण आर्म आडवा होत जातो, त्याचे टोक बाहेर सरकण्याचा वेग मंदावतो, आणि पुढे आर्म खांबाशी काटकोनात आला म्हणजे कॅम्बर वाढणे थांबून उलट कमी होऊ लागतो. प्रत्येक गाडीची मापे निराळी, त्यामुळे आकडे निराळे येतील. परंतु ३० मिलिमीटरांस एक अंशाच्या आतबाहेर हा अंदाज व्यवहारात चालण्यासारखा आहे. मूळचा कॅम्बर शून्याजवळ असलेल्या गाडीस एवढ्याने काही अपाय होत नाही. उलट वळणावर गाडी कलली असता बाहेरचे चाक रस्त्यावर सपाट बसावयास या ऋण कॅम्बरचे साहाय्यच होते.

टो-कोनाची गोष्ट वेगळी आहे. चाकाला वळवणारा टाय रॉड एका वर्तुळखंडावर फिरतो आणि लोअर आर्मचे टोक दुसऱ्या. निर्मात्याने या दोन वर्तुळखंडांचा मेळ मूळ उंचीच्या आसपासच्या हालचालीपुरता मोठ्या कौशल्याने घातलेला असतो, आणि आपण गाडी खाली बसवतो तेव्हा चाकाला त्या मेळाच्या सीमेवर नेऊन कायमचे वसवतो. मग उभ्या गाडीचा टो-कोन बदलतो हा एक परिणाम, आणि चाक वरखाली होताना टो-कोन बदलण्याचा वेग वाढतो हा दुसरा. या दुसऱ्यास बम्प स्टिअर म्हणतात: खड्ड्यात चाक गेले की स्टिअरिंग न फिरवताच गाडी किंचित दिशा बदलते आणि चालकास तिला सतत हातात धरून ठेवावे लागते. पहिला दोष टाय रॉडची लांबी जुळवून अर्ध्या तासात नाहीसा होतो. दुसरा जुळणीच्या कोणत्याही यंत्राने नाहीसा होत नाही, कारण तो आकड्याचा नसून रचनेचा आहे. हे दोन परिणाम एकमेकांत मिसळून टाकल्यामुळे जुळणी करूनही गाडी अस्थिर वाटते तेव्हा मालक यंत्राला दोष देतो आणि यंत्र चालवणारा गाडीला.

कॅम्बर आणि टो यांतील खरा अपराधी ओळखावयास हाताचा तळवा पुरतो. टायरच्या नक्षीवरून तळवा आडवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत, असा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखी धार लागत असेल, तर तो टो-कोनाचा पुरावा. रबर आडवे फरफटले गेल्यामुळे नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड उभी राहिलेली असते. दोन्ही दिशांनी सारखेच गुळगुळीत लागून केवळ एका बाजूची जाडी कमी झालेली असेल, तर तेथे कॅम्बरकडे बोट दाखवावे. ऋण कॅम्बर आणि टो-आउट हे दोन्ही एकत्र आले म्हणजे मात्र झीज झपाट्याने होते, कारण कॅम्बरमुळे गाडीचा अधिक भार आतल्या कडेवर येतो आणि त्याच भारित कडेला टो-कोन फरफटत नेतो. यातील कॅम्बर तसाच ठेवून टो शून्यावर आणला, तर झिजेचा मोठा भाग तेथेच थांबतो. स्पर्धांत दोन-तीन अंश ऋण कॅम्बर ठेवून गाड्या धावतात. रोजच्या वापराच्या गाडीस पुढे एक ते दीड अंश, फार तर दोन, ही मर्यादा मी सुरक्षित मानतो, मात्र डाव्या-उजव्या चाकांतील तफावत अर्ध्या अंशाच्या आत असली पाहिजे.

कॅस्टरविषयी थोडक्यात सांगता येईल. गाडी पुढून आणि मागून सारखीच खाली आली तर तो जवळजवळ जागच्या जागी राहतो. पुढून अधिक खाली आली तर मात्र साऱ्या गाडीबरोबर वळणाचा अक्षही पुढे झुकतो. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २४५० मिलिमीटर आणि पुढचा उतार मागच्याहून २० मिलिमीटर अधिक, तर कॅस्टर सुमारे अर्ध्या अंशाने घटतो आणि स्टिअरिंग परतण्यात किंचित सुस्ती येते. याच अर्ध्या अंशाने पुढच्या दिव्यांचा झोतही वाकतो आणि २५ मीटरांवर सुमारे २० सेंटिमीटर खाली पडतो; उलट मागची बाजू अधिक बसवली तर झोत वर चढून समोरच्या वाहनचालकाच्या डोळ्यांत जातो. चाकांच्या जुळणीबरोबर दिव्यांची जुळणीही करून घ्यावी हा शिरस्ता आपल्या गॅरेजांत पडलेला नाही. रात्रीच्या दुपदरी रस्त्यावर समोरून येणाऱ्या माणसाच्या जिवाशी त्याचा संबंध असल्यामुळे तो पडावा असे मला मनापासून वाटते.

मागच्या चाकांचा विचार बहुधा कोणी करीत नाही, आणि लहान गाड्यांपुरते ते काहीसे क्षम्यही आहे, कारण तेथे दोन्ही चाकांना जोडणारी एकच पिळदार तुळई असते आणि दोन्ही चाके एकदमच वर गेल्याने तिचे कोन फारसे हलत नाहीत. तिला जुळणीचे पेचही नसतात. दुरुस्ती करावयाची तर चाकाच्या बैठकीखाली पातळ शिम घालावी लागते. मोठ्या गाड्यांतील अनेक आर्मच्या मागच्या रचनेत मात्र खाली आणताच कॅम्बर आणि टो दोन्ही हलतात. मागच्या दोन चाकांच्या दिशांचा मध्य गाडीच्या मध्यरेषेशी जुळत नसेल तर गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते, आणि चालक स्टिअरिंग वाकडे धरून तिला सरळ नेत राहतो. म्हणून जुळणी चारही चाकांची व्हावी, आणि मागची आधी, पुढची नंतर, या क्रमाने व्हावी. पुढची चाके मागच्यांच्या दिशेला जुळवावयाची असतात, गाडीच्या पत्र्याला नव्हे.

खाली आणण्याच्या मार्गांचेही तारतम्य आहे. स्प्रिंगेचे वेटोळे कापून टाकणे हा आपल्याकडील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट मार्ग. स्प्रिंगेचा ताठरपणा तिच्या काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून आठांतील एक वेटोळे कापले की ती सुमारे चौदा टक्क्यांनी ताठर होते; परंतु कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक लोंबकळले असता स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. तापवून बसवलेली स्प्रिंग तर पोलादाला दिलेले पाणीच गमावून बसते, आणि पुढे किती खाली बसेल याला काही धरबंध राहत नाही. अशा गाडीची जुळणी करणे म्हणजे सरकत्या जमिनीची मोजणी करणे होय. उंची एकदा ठरून स्थिर झाल्याखेरीज कोन ठरत नाहीत. म्हणून मापाच्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे कमी पल्ल्याचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, किंवा आटे फिरवून उंची ठरवता येणारे कॉइलओव्हर, हेच मार्ग विचारात घेण्याजोगे आहेत. कॉइलओव्हरवर चारही कोपऱ्यांची उंची चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत मोजून आधी सारखी करावी; उंचीची तफावत तशीच ठेवून केलेली जुळणी उंची बदलताच रद्दबातल होते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू, आणि येथे मी किंचित रेंगाळणार आहे, कारण जे बिघडते ते बहुतेक येथेच बिघडते. लोअर आर्मच्या आतल्या टोकास रबराचे बुश असतात. हे बुश बिजागरीसारखे फिरत नाहीत. त्यांच्या मधली पोलादी नळी बोल्टने सबफ्रेमला घट्ट आवळलेली असते, बाहेरची नळी आर्ममध्ये ठोकून बसवलेली असते, आणि दोहोंना चिकटलेले रबर पिळते व परतते. पीळ नसलेली त्याची विश्रांत अवस्था कोणती, तर ज्या उंचीवर बोल्ट आवळला ती. गाडी खाली आणल्यावर बोल्ट सैल केला नाही, किंवा जॅकवर चाके लोंबकळत असतानाच तो आवळला, तर ते रबर उभ्या गाडीतही अष्टौप्रहर पिळलेले राहते, गाडीला वर उचलू पाहते, उंची खोटी दाखवते आणि अकाली फाटते. ते फाटले की कोनांचा सारा बंदोबस्त कोसळतो. म्हणून नव्या उंचीवर, चारही चाकांवर गाडीचा पूर्ण भार असताना, हे बोल्ट सैल करून गाडी दोन-चार वेळा दाबून हलवावी आणि मग निर्मात्याने सांगितलेल्या बळाने ते आवळावेत. काम अर्ध्या तासाचे आहे. ज्या गॅरेजात ते न सांगता केले जाते, तेथील मिस्त्रीवर विश्वास टाकण्यास हरकत नाही.

यानंतर टाय रॉडचे एंड, बॉल जॉइंट, बेअरिंग यांत ढिलाई नाही याची खातरजमा करावी, कारण ढिल्या सांध्यावर बसवलेला कोन पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकतो. टायरांतील हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या मापाप्रमाणे भरावी. यंत्राची बैठक सपाट असावी, पुढची चाके फिरत्या ताटांवर असावीत, रिमचा वाकडेपणा मापातून वजा करण्यासाठी प्रत्येक चाक फिरवून घ्यावे. मग कॅस्टर, त्यानंतर कॅम्बर आणि सर्वांत शेवटी टो, हा क्रम उलटून चालत नाही. कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून टो आधी बसवून कॅम्बर नंतर सुधारणाऱ्याने दोन्ही बिघडवलेले असतात. टो-कोनाचे माप मिलिमीटरांत सांगितले गेले तर ते कोठे मोजले हे अवश्य विचारावे. ६०० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर मोजलेला एक मिलिमीटर म्हणजे जवळजवळ सहा कला (अंशाचे साठावे भाग), परंतु तोच पंधरा इंची रिमच्या कडेवर मोजला तर आठ ते नऊ कला होतात. अंश-कलांत लिहिलेला दाखला मागणे सर्वांत निर्धोक. पुढे एकंदर टो शून्य ते दहा कला आत, मागे निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत थोडा आत, हे रस्त्यावरच्या गाडीस बहुधा मानवते.

जुळणीच्या आधुनिक यंत्राचा पडदा आकडे हिरव्या आणि तांबड्या रंगांत दाखवतो, आणि हा रंग पुष्कळांची फसगत करतो. हिरवा म्हणजे निर्मात्याने मूळ उंचीसाठी ठरवलेल्या मर्यादेत, एवढाच त्याचा अर्थ. खाली बसवलेल्या गाडीचा दीड अंश कॅम्बर तांबडा दिसेल आणि तरीही तो योग्य असेल. उलट मर्यादेच्या अगदी टोकावरचा टो हिरवा दिसेल आणि तरीही टायर झिजवील. तांबडा आकडा हिरवा करण्याच्या आग्रहातून आपल्याकडे एक घातक प्रथा फोफावली आहे: जलदाबाचा जॅक लावून स्ट्रट किंवा चाकाचा सांधाच वाकवायचा आणि त्याला कॅम्बर काढणे म्हणायचे. या प्रथेचा मी निःसंदिग्ध निषेध करतो. वाकलेल्या खांबात शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडा घासत चालतो, तेल गळू लागते, आणि ताणलेल्या लोखंडाला कोठे तडा गेला हे यंत्राचा पडदा सांगत नाही. कॅम्बर खरोखरच कमी करावयाचा असेल तर खांब आणि सांधा यांना जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी विकेंद्री कॅम्बर बोल्ट बसवावा. ज्या गाडीत खांब सांध्याच्या कड्यात घुसवून आवळलेला असतो तेथे हा बोल्ट चालत नाही, आणि खांबाच्या माथ्यावर सरकती पट्टी किंवा सबफ्रेमची सरक यांचा आधार घ्यावा लागतो. वळणाच्या अक्षाचा आडवा कल आणि कॅम्बर यांची बेरीज दोन्ही बाजूंस सारखी येत नसेल, तर कोन जुळवण्यापूर्वी वाकलेला भाग शोधावा.

नव्या गाड्यांत आणखी एक दप्तर वाढले आहे. स्टिअरिंग किती वळले हे मोजणारा सेन्सर टो बसवल्यावर पुन्हा शून्यावर आणावा लागतो, नाहीतर घसरण रोखणारी यंत्रणा सरळ रस्त्यावरही गाडी वळते आहे असे समजते. समोरच्या काचेवरील कॅमेरा आणि रडार यांची दिशाही नव्या उंचीनुसार तपासावी लागते.

जुळणीने काय साधत नाही हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. ज्या कल्पित बिंदूभोवती गाडीचे शरीर वळणावर झुकते, त्या रोल सेंटरची जागा मुख्यतः लोअर आर्मच्या कलावरून ठरते. आर्मचे बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा वर गेले, की हा बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली उतरतो. त्या दोहोंतील अंतर वाढते आणि ठेंगणी झालेली गाडी, स्प्रिंगा ताठर नसतील तर, पूर्वीपेक्षाही अधिक झुकू पाहते. यावर आर्मचा कल सावरणारा लांब दांड्याचा बॉल जॉइंट आणि त्याबरोबर टाय रॉडचे टोक तेवढेच खाली घेणारा एंड हाच उपाय आहे. बम्प स्टिअर मोजावयाचे असेल तर स्प्रिंग काढून चाक दहा-दहा मिलिमीटरांनी वर उचलीत प्रत्येक पायरीवर टो लिहून घ्यावा लागतो. हे काम चिकाटीचे आहे, पण हाती येणारा तक्ता गाडीची खरी कैफियत असते. सपाट बैठकीवर उभ्या गाडीचा कोरा करकरीत दाखला ती कैफियत सांगू शकत नाही. पंचवीस-तीस मिलिमीटरांपर्यंत गाडी खाली आणली आणि टो नीट बसवला तर बहुधा या खटाटोपाची गरज पडत नाही. त्याहून खाली जाणाऱ्याने सांधे बदलण्याची तजवीज आधी करावी, स्प्रिंगा नंतर घ्याव्यात.

रस्त्यांचा विचार केल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शिकेत गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा भाग असावा, त्याची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असावी, असे सांगितले होते. असा गतिरोधक २४५० मिलिमीटर अंतराच्या दोन चाकांच्या मध्ये केवळ साडेचार सेंटिमीटरांच्या आतच वर येतो, कारण चाकेही त्याच्यावर चढलेली असतात. बेताने खाली बसवलेली गाडी त्यावरून सुखरूप जाते. पण गल्लीबोळांतून स्थानिक हौसेने ओतलेला हातभर रुंदीचा उंचवटा आपली सारी उंची गाडीच्या पोटात घुसवतो. खड्ड्यात तर पल्ला कमी झालेला खांब तळाच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो, आणि तो धक्का आर्म आणि सांधे वाकवून आदल्या आठवड्यातील जुळणी फुकट घालवतो. आपल्याकडे खाली बसवलेल्या गाडीची जुळणी वर्षातून एकदा करून भागत नाही. पावसाळा संपताच ती पुन्हा तपासलीच पाहिजे.

कायद्याचे म्हणणेही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरफारांवर बंधन घातले आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करता येणार नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यातून काढला. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ खाली, नियमांत मुभा नसलेल्या प्रत्येक फेरफारास मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही होऊ शकतात. स्पर्धेच्या बंदिस्त मार्गावर धावणारी गाडी आणि सार्वजनिक रस्त्यावरची गाडी यांत म्हणूनच भेद करावा. परिवहन कार्यालयात चौकशी न करता आणि विमा कंपनीस न कळवता स्प्रिंगांना हात घालणाऱ्याने अपघातानंतरच्या दाव्याची जोखीम स्वतःच्या शिरावर घेतलेली असते.

ज्यांच्या गाड्या आधीच खाली बसवलेल्या आहेत त्यांना माझी एकच विनंती आहे. स्प्रिंगा बदलल्या त्याच दिवशी टो बसवून घ्या, पाचशे ते हजार किलोमीटर चालून स्प्रिंगा स्थिरावल्यावर चारही चाकांची जुळणी पुन्हा करा, आणि दोन्ही वेळचे दाखले, त्यांवर चारही कोपऱ्यांची उंची लिहून, गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. मग महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी उभी करा, चाकाआड हात घाला, आणि टायरच्या आतल्या कडेवरून तळवा दोन्ही दिशांनी फिरवून पाहा.